हजार केल्विनचा सांधा

ज्यांनी मेकॅनिकल किंवा केमिकल केलंय त्यांना स्टीम टेबलचं, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यांचं, ते पातळ पुस्तक नक्की आठवत असेल. परीक्षेत सोबत न्यायची परवानगी असायची आणि सुपरवायझर एकेक पान उलटून बघायचे, आत पेन्सिलने काही लिहिलंय का म्हणून. प्रश्नातलं तापमान कायम दोन ओळींच्या मधलं यायचं, मग वरच्या ओळीतून खालची वजा, त्याला गुणोत्तर, आणि कॅल्क्युलेटरवर इंटरपोलेशन. एका गणितात चार-पाच वेळा हे केलं की हात दुखायचा पण उत्तर यायचं. माणसासाठी टेबल ही छानच सोय आहे.

आता तेच काम कॉम्प्युटरला किती वेळा करावं लागतं बघा. मी कम्बशनच्या सिम्युलेशनमध्ये काम करते, म्हणजे इंजिनात, बर्नरमध्ये ज्वाला कशी जळते त्याची गणितं. नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी जीआरआय-मेक ३.० नावाचं एक प्रसिद्ध मेकॅनिझम, म्हणजे पदार्थांची आणि त्यांच्या रिअ‍ॅक्शन्सची यादी आहे, त्यात ५३ स्पीशीज आणि ३२५ रिअ‍ॅक्शन्स आहेत. म्हणजे ज्वालेच्या प्रत्येक छोट्या खान्यात, प्रत्येक टाइम स्टेपला, ५३ पदार्थांची विशिष्ट उष्णता, एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी लागते, आणि सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, एका स्टेपमध्ये अनेक वेळा चकरा मारतो ते वेगळंच. तिथे दरवेळी टेबल उघडून दोन ओळी शोधत बसणं परवडत नाही. बरं टेबलातून सरळ रेषेने इंटरपोलेट केलं तर प्रत्येक ओळीपाशी कर्व्हला कोपरा येतो, आणि हे सॉल्व्हर डेरिव्हेटिव्हवर, म्हणजे कर्व्हच्या उतारावर चालतात, त्यांना कोपरे अजिबात चालत नाहीत.

म्हणून मग पॉलिनॉमियल. सगळं टेबल बाजूला ठेवायचं आणि त्याच्या जागी थोडेसे कोइफिशंट, म्हणजे तापमानाच्या घातांना गुणायचे आकडे, ठेवायचे. ऐकायला किरकोळ वाटतं, कॉलेजात एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाकतो तसंच काहीतरी. पण मी इतकी वर्षं या फाइल्स वापरतेय आणि माझं ठाम मत आहे की या आकड्यांमध्ये जितकी काळजी ओतलेली आहे तितकी फार कमी ठिकाणी सापडते, आणि ती काळजी वाचता आली पाहिजे, नाहीतर हेच आकडे गप्पपणे खोटी उत्तरं देतात.

ज्वलनातल्या पदार्थांची टेबलं आली कुठून तर अमेरिकेतून, रॉकेटच्या काळातली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या लष्कर, नौदल आणि हवाईदलाला रॉकेटच्या इंधनांसाठी भरवशाचा डेटा हवा होता, ते काम मिशिगनमधल्या मिडलंड गावी डाऊ केमिकलच्या प्रयोगशाळेत सुरू झालं आणि त्यातून जनाफ टेबल्स उभी राहिली. दुसरी आवृत्ती १९७१ ची, चौथी १९९८ ची. एकेका पदार्थाला एकेक पान. यातली वायूंची बरीच टेबलं कुणी भट्टीत थर्मामीटर घालून मोजलेली नाहीत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार नवल वाटलं होतं. रेणू किती फ्रिक्वेन्सीने थरथरतो, फिरताना त्याचं जडत्व किती, हे स्पेक्ट्रमवरून कळतं, आणि त्यावरून स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सने विशिष्ट उष्णता काढता येते, ३००० केल्विनची सुद्धा, जिथे भांडंच टिकणार नाही.

नायट्रोजन घ्या. खोलीच्या तापमानाला त्याची मोलर विशिष्ट उष्णता, म्हणजे सीपी, गॅस कॉन्स्टंटच्या साडेतीन पट. दीड भाग रेणूच्या सरळ धावण्याचा, एक भाग फिरण्याचा आणि एक भाग दाब कायम ठेवताना वायू पसरतो त्याचा. थरथरणं मात्र अजून गोठलेलं असतं, कारण नायट्रोजनचा बंध इतका ताठ आहे की त्याचं स्वतःचं तापमान साधारण ३४०० केल्विनच्या आसपास येतं. जसजसं तापवत जाल तसतसं ते थरथरणं जागं होतं आणि सीपी साडेतीनवरून साडेचारकडे चढत जातो. म्हणजे ग्राफ कसा, आधी बराच वेळ सपाट, मग हळूच चढ, मग पुन्हा जवळजवळ सपाट. आणि सगळी अडचण इथे सुरू होते, कारण पॉलिनॉमियलला सपाट राहता येत नाही. चौथ्या घाताचा पॉलिनॉमियल शेवटी एकतर आकाशात जातो नाहीतर पाताळात, त्याचा स्वभावच तो. मग त्याला सपाट दिसायला लावायचं तर पदं एकमेकांविरुद्ध उभी करून एकमेकांना अडवावी लागतात.

क्लीव्हलंडच्या नासा लुइस केंद्रातल्या लोकांनी (आता त्याचं नाव ग्लेन आहे) यावर जे उत्तर काढलं तेच आजपर्यंत चालू आहे. १९६१ मध्ये झेलेझ्निक आणि गॉर्डन या दोघांनी एक पद्धत मांडली, की फक्त सीपी फिट करायचा नाही, सीपी, एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी तिन्ही एकाच वेळी लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून, फिट करायच्या. हे फार महत्त्वाचं आहे. एन्थाल्पी म्हणजे सीपीचं इंटिग्रल आणि एन्ट्रॉपी म्हणजे सीपी भागिले तापमान याचं इंटिग्रल, त्यामुळे तिघांचे कोइफिशंट एकच. तुम्ही तिन्ही वेगवेगळे फिट केलेत तर प्रत्येक कर्व्ह सुंदर बसेल, पण ते आपसात भांडतील, आणि तशा डेटावरून रासायनिक समतोल काढलात तर तो समतोल थर्मोडायनॅमिक्सचेच नियम मोडेल. पुढे सॅनफोर्ड गॉर्डन आणि बॉनी मॅकब्राइड यांनी १९७१ मध्ये रॉकेट परफॉर्मन्स आणि केमिकल इक्विलिब्रियम काढणारा जो प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, त्यातून हा सात कोइफिशंटचा फॉर्म जगभर गेला. पाच सीपीचे, सहावा एन्थाल्पीच्या इंटिग्रेशनचा स्थिरांक, सातवा एन्ट्रॉपीचा. आणि अशा दोन सात्या, एक ३०० ते १००० केल्विनसाठी, दुसरी १००० ते ५००० साठी. एकूण चौदा आकडे.

ते लिहायची रीत अजूनही पंच कार्डाची आहे, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला माहिती द्यायच्या भोकं पाडलेल्या कार्डाची. एका पदार्थाला चार ओळी, ओळ ८० कॉलमची, शेवटच्या ८० व्या कॉलममध्ये १, २, ३, ४ असा कार्डाचा नंबर. पंधरा कॉलमचा एक आकडा, एका ओळीत पाच, तीन ओळींत पंधरा जागा. चौदा वापरायच्या, एक उरते. हैफाच्या टेक्निऑनमध्ये अलेक्झांडर बुरकाट यांनी वर्षानुवर्षं जो डेटाबेस सांभाळला त्यात त्या उरलेल्या जागी २९८.१५ केल्विनची फॉर्मेशन एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून तो पदार्थ बनताना लागणारी किंवा सुटणारी उष्णता) गॅस कॉन्स्टंटने भागून भरलेली असते, जागा वाया घालवलेली नाही. पंच कार्ड बघितलेला माणूस आमच्या ऑफिसात नसेल, पण एखादी ओळ एका स्पेसने सरकली की आजही फाइल वाचली जात नाही.

आता हे आकडे जवळून दाखवते, कारण त्याशिवाय मजा कळणार नाही. जीआरआय-मेकमधलं नायट्रोजनचं कार्ड, त्यावर १२१२८६ असा शिक्का आहे, म्हणजे १२ डिसेंबर १९८६. तापमान बरोबर १००० घेतलं की हिशोब पाटीवर करता येतो, कारण प्रत्येक घाताला दशांश चिन्ह तीन घरं सरकतं, बस. खालच्या रेंजची पाच पदं अशी येतात: ३.२९८६७७, मग अधिक १.४०८२४०, मग वजा ३.९६३२२२, मग अधिक ५.६४१५१५, मग वजा २.४४४८५४. बेरीज ३.९४०३५६, म्हणजे सीपी गॅस कॉन्स्टंटच्या इतक्या पट. वरच्या रेंजची पाच पदं अशी: २.९२६६४०, अधिक १.४८७९७७, वजा ०.५६८४७६, अधिक ०.१००९७०, वजा ०.००६७५३. बेरीज ३.९४०३५८.

बघा ना. दोन्हीकडचा एकही आकडा दुसऱ्यासारखा नाही, आणि बेरीज पाचव्या दशांशापर्यंत एक. आता डेरिव्हेटिव्ह घ्या, म्हणजे त्या जागचा उतार. खालून येताना ०.६२६९ भागिले हजार, वरून येताना पण ०.६२६९ भागिले हजार. म्हणजे ज्यांनी हा फिट केला त्यांनी नुसती किंमत जुळवली नाही, उतारही जुळवला, शिंपी बाही जोडताना शिवण उठून दिसू नये म्हणून जपतो तसं. पुढे दुसरं डेरिव्हेटिव्ह बघितलं तर मात्र ते जुळत नाही, खालच्या बाजूचं वरच्याच्या पाच पटीहून जास्त आहे. तेवढं स्वातंत्र्य पॉलिनॉमियलमध्ये शिल्लकच नव्हतं. मला विचाराल तर हा हजार केल्विनचा सांधा हीच या सगळ्या कामातली सगळ्यात देखणी जागा आहे. आणि सांधा नीट नसेल तर सॉफ्टवेअर सांगतं. कँटेरा नावाचं जे ओपन सोर्स पॅकेज आम्ही रोज वापरतो ते फाइल वाचतानाच वॉर्निंग देतं की अमुक पदार्थाच्या सीपीत मधल्या तापमानाला तुटकपणा आहे. बरेच जण ती वॉर्निंग बघून पुढे जातात. तसं करू नये, कारण ज्वालेतला प्रत्येक कण थंडीकडून गरमीकडे जाताना त्या १००० वरून जातोच, आणि सॉल्व्हर नेमका तिथेच अडखळून टाइम स्टेप बारीक करत बसतो, मग रन का लांबतोय ते कुणाला कळत नाही.

आणि म्हणूनच आकडे राउंड करायचे नाहीत. वरचेच दहा आकडे तीन सिग्निफिकंट अंकांपर्यंत राउंड करून बेरजा करा, खालची येते ३.९५ आणि वरची ३.९४६. पाचव्या दशांशापर्यंत बंद असलेला सांधा तिसऱ्या दशांशात उघडला. इतके सगळे अंक कशाला, मोजमापाची अचूकता तेवढी नसतेच की, असं लोक विचारतात. खरंय, नसते. जनाफ टेबलात १००० केल्विनला नायट्रोजनचा सीपी ३२.६९७ जूल आहे आणि आपली बेरीज ८.३१४ ने, म्हणजे गॅस कॉन्स्टंटने, गुणली की ३२.७६ येते, म्हणजे ०.२ टक्क्यांचा फरक आहेच. पण ते सगळे अंक अचूकतेसाठी नाहीतच. पाच पदं एकमेकांना काटून उरतं ते उत्तर आहे, आणि काटाकाटी नीट व्हायची तर प्रत्येक पद पूर्ण असावं लागतं.

यावरून मागे ऑफिसातली एक गोष्ट. नव्याने लागलेला एक मुलगा, हुशार, पायथन हातचा मळ, त्याने कँटेरा न वापरता स्वतः छोटा कोड लिहिला होता ज्वालेचं तापमान काढायला. मला फार आवडतं कुणी असं स्वतः करून बघितलं की. दुपारी चहाच्या वेळेला लॅपटॉप घेऊन आला, "मॅडम, नायट्रोजनचा सीपी मायनस येतोय, असं असतं का?"

"किती तापमानाला?"

"दोन हजारला. वजा एकतीस."

"आणि तीनशेला?"

"तीनशेला बरोबर येतोय मॅडम, सत्तावीस पॉइंट सहा."

तो बरोबर नव्हता. ३०० ला २९.१ यायला हवा. या कार्डावर पहिले सात आकडे वरच्या रेंजचे असतात आणि नंतरचे सात खालच्या रेंजचे, कुणालाही वाटेल की उलट असणार. त्याने दोन्ही रेंज अदलाबदल करून वाचल्या होत्या. खालच्या रेंजचा पॉलिनॉमियल २००० केल्विनला घातला की −३.७२ येतो, गुणिले ८.३१४ म्हणजे वजा ३१, तापवल्यावर थंड होणारा वायू, ते वेडंवाकडं आहे हे लगेच दिसतं. पण वरच्या रेंजचा पॉलिनॉमियल ३०० ला घातला की ३.३२ येतो, गुणिले ८.३१४ म्हणजे २७.६, पाच टक्के कमी, आणि हा आकडा कुणालाही खटकत नाही. मी त्याला म्हटलं मायनस आला हे नशीब समज. त्याने अदलाबदल दुरुस्त केली, मग २००० ला ३६ आला, टेबलात ३५.९७ आहे.

मग आम्ही चहा बाजूला ठेवून त्या पॉलिनॉमियलला कडेच्या बाहेर नेऊन बघितलं. वरची रेंज ५००० पर्यंत आहे, तिथे गॅस कॉन्स्टंटच्या ४.५५ पट येतो, ठीक. १०००० केल्विन घातलं तर −५.६. खालच्या बाजूला १०० केल्विनला ३.४०५, खरा ३.५ च्या जवळ असतो, तिथे फिजिक्स अगदी सपाट आहे पण पॉलिनॉमियलला ते कोण सांगणार. त्याने फक्त ३०० ते १००० मधले बिंदू बघितलेत. नायट्रोजनचा रेणू, त्याचा ताठ बंध, त्याचं फिरणं-थरथरणं, यातलं त्या पाच आकड्यांत काही म्हणजे काही नाही. तिसरा कोइफिशंट म्हणजे काय, वजा का, याला उत्तर नाही, तसा काही अर्थच नसतो त्याला. म्हणून कार्डाच्या पहिल्या ओळीत जी तीन तापमानं लिहिलेली असतात, ३००, ५००० आणि १०००, त्यांना मी कोइफिशंटइतकंच मानते. ती ओळ गाळून कुणी कोइफिशंट ईमेलमध्ये पाठवले की मी परत मागते.

त्यातल्या त्यात सहावा आकडा मात्र अर्थपूर्ण आहे. इंटिग्रेशनचा स्थिरांक म्हणून तो येतो, पण तो असा निवडतात की २९८.१५ केल्विनला पदार्थाची एन्थाल्पी त्याच्या फॉर्मेशन एन्थाल्पीइतकी यावी. नायट्रोजन मूलद्रव्य, म्हणून शून्य यायला हवी, आणि वरच्याच कार्डावरून काढली तर मोलमागे दीड जूलच्या आत शून्य येते. म्हणजे बंध तुटण्या-जुळण्याची सगळी उष्णता, ज्वालेचा सगळा जीव, एका स्थिरांकात बसवलाय. याचा फायदा २००२ च्या सुमाराला दिसला. हायड्रॉक्सिल रॅडिकल, ओएच, ज्वलनातला अगदी मध्यवर्ती भिडू, त्याची फॉर्मेशन एन्थाल्पी वर्षानुवर्षं जी धरली जात होती ती सुमारे अर्धा किलोकॅलरीने जास्त निघाली, ब्रँको रुशिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवलं. अर्धा किलोकॅलरी म्हणजे काही फार नाही असं वाटेल, पण २००० केल्विनला त्याने समतोल स्थिरांक सुमारे १३ टक्क्यांनी हलतो. आणि दुरुस्ती किती सोपी, दोन्ही रेंजच्या सहाव्या आकड्यातून साधारण २५० वजा करायचे, झालं, सीपीला हात लावायचा नाही, एन्ट्रॉपीला लावायचा नाही. फक्त दोन्ही रेंजमधून सारखेच वजा करायचे, एकातूनच केले तर १००० ला एन्थाल्पीची पायरी तयार होते. १९६०-७० च्या दशकात ज्यांनी ही मांडणी ठरवली त्यांनी असा दिवस येईल हे धरून ठेवलं होतं की काय असं वाटतं मला.

इतर फॉर्मही आहेत. धातुशास्त्रातले लोक १९३२ चा मायर-केलीचा फॉर्म अजून वापरतात, एक स्थिरांक, एक सरळ पद आणि एक तापमानाच्या वर्गाने भागलेलं पद. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या शोमेट यांच्या नावाचा फॉर्म एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेच्या वेबबुकमध्ये मिळतो, आणि त्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे, तापमान आधी १००० ने भागून घेतात. स्वतः फिट करणाऱ्याने हे करावंच. सरळ केल्विन घेतलेत तर ५००० चा चौथा घात ६२५ वर बारा शून्यं, आणि शेजारी पहिल्या पदासाठी नुसता १, अशा मॅट्रिक्सवर लीस्ट स्क्वेअर्स चालवले की अंक हरवायला लागतात. हजाराने भागलं की सगळे कॉलम माणसांत येतात. आणि बसत नाही म्हणून घात वाढवत नेऊ नये, सहावा आठवा दहावा, बिंदूंवर अगदी अचूक बसेल आणि बिंदूंच्या मध्ये, विशेषतः कडांना, हेलकावे खाईल. रेंज तोडून कमी घाताचे तुकडे करणं कायम बरं.

नासाने स्वतः पुढे तेच केलं. मॅकब्राइड, झेही आणि गॉर्डन यांचा २००२ चा अहवाल आहे, २००० हून जास्त पदार्थांचा, त्यात सीपीसाठी पाचाऐवजी सात पदं आणि दोन स्थिरांक, एकूण नऊ. वाढलेली दोन पदं तापमानाने आणि तापमानाच्या वर्गाने भागलेली, म्हणजे ती थंड बाजूला जोर धरतात आणि गरम बाजूला आपोआप विरून जातात, सपाट कर्व्हला धरून राहायला याची फार मदत होते. रेंज २०० ते १०००, १००० ते ६०००, आणि बऱ्याच वायूंना ६००० ते २०००० अशी तिसरी. अंतराळयानं वातावरणात परत शिरताना पुढे जी तप्त हवा तयार होते तिथपर्यंत पोचायचं होतं त्यांना.

तरी जुना सातांचा फॉर्म गेलेला नाही, कारण जगभरची मेकॅनिझम्स त्यातच लिहिलेली आहेत. आमच्याकडे नवीन इंधनाचं काम आलं, मिथेनॉल म्हणा, अमोनिया म्हणा, की पहिले दोन दिवस मी कुणालाही ज्वाला चालवू देत नाही. आधी प्रत्येक पदार्थाचा सीपी २०० पासून ३५०० पर्यंत प्लॉट करायचा, शेजारी टेबलाचे बिंदू टाकायचे, १००० ला दोन्ही बाजूंनी किंमत आणि उतार छापायचा, २९८.१५ ला एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी तपासायची. अमोनियात एनएच२, एनएनएच असे रॅडिकल येतात, त्यांच्या वेगवेगळ्या मेकॅनिझम्समधल्या किमती शेजारी ठेवून बघायच्या, आणि फरक दिसला तर दोन्हीकडे सहावा आकडा कुठून घेतलाय ते शोधायचं. तो मुलगा आता हे सगळं माझ्याआधी करून ठेवतो, आणि परवा त्याने मला एका कार्डावरचं मधलं तापमान दाखवलं, १००० च्या जागी १३९१. मोठ्या हायड्रोकार्बनच्या कार्डांवर असं असतं, फिट करणारा प्रोग्रॅम स्वतःच सांध्याची जागा शोधतो आणि जिथे दोन्ही तुकडे सगळ्यात चांगले बसतील तिथे ठेवतो. त्याच्या कोडमध्ये १००० हा आकडा ठोकून लिहिलेला होता, तो काढून आता पहिल्या ओळीतून वाचायला घेतलाय त्याने.